नस कमरेखालची, बदल मेंदूतला

लघवीची घाई आवरत नसेल तर दोष मूत्राशयाचाच, असे वाटणे साहजिक आहे. पण मूत्राशय भरल्याची वर्दी मज्जारज्जूतून मध्यमेंदूपर्यंत जाते. इन्सुला या मेंदूत खोल दडलेल्या भागामुळे ती आपल्याला जाणवते, आणि आत्ता जायचे की थांबायचे हा निर्णय कपाळामागच्या भागात होतो. होकार मिळाला की मेंदूच्या देठातले केंद्र मूत्राशय आवळते आणि झडपेचा स्नायू सैल करते. हे केंद्र संशोधक बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले.

अशा घाईवर ‘त्रिक मज्जातंतू उत्तेजन’ हा एक उपचार आहे. त्यात कमरेखालच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या तिसऱ्या मज्जातंतूजवळ चार संपर्कबिंदूंची तार बसवतात आणि सहसा सेकंदाला विजेचे १४ सौम्य ठोके देतात. प्रत्येक ठोका सुमारे २१० मायक्रोसेकंदांचा. जागा बरोबर असेल तर गुदद्वाराभोवतीचे स्नायू आत खेचले जातात आणि पायाचा अंगठा वाकतो. टाच फिरली तर तार एक मज्जातंतू वर गेली आहे; पायात काहीच हालचाल न होता फक्त गुदद्वार आवळले, तर एक खाली. आधी तात्पुरती चाचणी घेतात. त्रास निम्म्याने तरी कमी झाला, तरच कायमचे यंत्र बसवतात.

इतक्या सौम्य विजेने मूत्राशय दाबले जात नाही. उत्तेजित होतात ते मुख्यतः मेंदूकडे संवेदना नेणारे तंतू. २००६ मधल्या पेट स्कॅन (मेंदूची सक्रियता दाखवणारे चित्रण) अभ्यासात याचा माग लागला: उत्तेजन नुकतेच सुरू झालेल्या रुग्णांत संवेदना व हालचाल शिकण्याशी निगडित भागांत फरक दिसला. बरेच दिवस उपचार घेतलेल्यांत मात्र मध्यमेंदूची आणि सिंग्युलेट या मेंदूच्या आतल्या पट्ट्याच्या मधल्या भागाची सक्रियता घटली होती. मेंदू आधी हा नवा संकेत ओळखायला शिकतो आणि मग त्याला सरावतो, असा त्याचा अर्थ लावता येतो. खरी गंमत पुढे आहे. ज्यांना लघवी होतच नाही अशा फाउलर सिंड्रोमच्या स्त्रियांत याच उत्तेजनाने मेंदूच्या देठातली मंदावलेली सक्रियता परत आणली. म्हणजे हा निव्वळ दाबून टाकणारा उपाय नव्हे.

असे स्कॅन वाचताना जपावे लागते. डोके जरा हलले तरी चित्र बिघडते, आणि मूत्राशय किती भरले आहे यानेही मेंदूची सक्रियता बदलते. म्हणून ते कॅथेटरने मोजून भरतात. एमआरआयमध्ये तार तापण्याचा धोका असतो, त्यामुळे यंत्राचे मॉडेल आधी तपासतात.

शस्त्रक्रिया नको असेल तर घोट्याच्या आतल्या बाजूला, सुमारे ५ सेंमी वर बारीक सुई टोचून ३० मिनिटे उत्तेजन देतात. आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. तिथली नसही त्याच त्रिक भागात पोहोचते. मात्र सत्रे थांबली की परिणाम ओसरू लागतो, म्हणून पुढे साधारण महिन्याला एक सत्र घ्यावे लागते.