हिलांदारच्या पोथ्या ओहायोत कशा पोचल्या

मध्ययुगीन स्लाव्हिक (म्हणजे रशियन, सर्बियन, बल्गेरियन या घराण्यातल्या भाषांतली) हस्तलिखितं वाचायला शिकायची तर माणूस सोफियाला जाईल, बेलग्रेडला जाईल, फार तर सेंट पीटर्सबर्गला. पण यातला एक नावाजलेला उन्हाळी कोर्स चालतो अमेरिकेत, कोलंबस शहरातल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत. चार आठवड्यांचा, एम.ए.-पीएच.डी.वाल्यांसाठी. तिथेच का, हे बघायला गेलं तर गोष्ट एका मठापाशी जाऊन थांबते, आणि त्या मठात बायकांना पाऊल टाकायला बंदी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मठाचं नाव हिलांदार, ग्रीसमधल्या माउंट अॅथॉसवर. सर्बियाचा राज्यकर्ता स्टेफान नेमान्या, त्याचा धाकटा मुलगा घरातून पळून अॅथॉसवर गेला आणि साव्हा नावाने संन्यासी झाला, मग काही वर्षांनी बापानेही गादी सोडली आणि तोही पोराच्या मागोमाग तिथेच. ११९८ साली बायझंटाइन सम्राटाच्या परवानगीने दोघांनी एक पडका मठ पुन्हा उभा केला. तेव्हापासून तिथे पोथ्या लिहिल्या गेल्या, बाहेरून आल्या, साठत गेल्या. काही गेल्याही. मिरोस्लावचं गॉस्पेल (येशूच्या चरित्राचा ग्रंथ) म्हणून बाराव्या शतकातली एक देखणी पोथी तिथे होती, तिचं एक पान १८४० च्या दशकात रशियन धर्मगुरू पोर्फिरी उस्पेन्स्की घेऊन गेले (ते सेंट पीटर्सबर्गला पोचलं) आणि बाकीची पोथी १८९६ मध्ये मठाने सर्बियाच्या राजाला भेट दिली.

आता सर्बियातल्या बेलग्रेडचं बघा. ६ एप्रिल १९४१ ला जर्मन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले, त्यात राष्ट्रीय ग्रंथालय जळालं आणि शेकडो जुनी सिरिलिक (आज रशियन, सर्बियन लिहितात त्या लिपीतली) हस्तलिखितं राख झाली. कॉपी नव्हती, विषय संपला. त्यामुळे नंतरच्या पिढीतल्या अभ्यासकांना मायक्रोफिल्मची (पानांचे बारीक फोटो फिल्मवर उतरवून ठेवायची) एवढी घाई का होती हे वेगळं सांगायला नको.

ओहायो स्टेटमध्ये मातेया मातेयिच म्हणून प्राध्यापक होते, सर्बियन ऑर्थोडॉक्स पाद्रीही तेच. प्राध्यापक आणि पाद्री एकच, म्हणजे मठाला माणूस आपला वाटणारच, आणि माझ्या मते सगळं जमलं ते यामुळेच. १९७० च्या दशकात ते आणि त्यांचा मुलगा प्रेद्राग मठात राहून पोथ्यांचे फोटो काढत होते, पानामागून पान. साधूंची हरकत नव्हती, उलट त्यांना ते हवंच होतं. फिल्म कोलंबसला आल्या, १९७८ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी खोली झाली, १९८४ मध्ये संशोधन केंद्र, पुढे इतर देशांतल्या संग्रहांच्या फिल्मही येत गेल्या. आणि इतकं साहित्य एका छपराखाली आहे म्हटल्यावर ते वाचायला शिकवणारा उन्हाळी वर्ग ओघानेच आला.

वर्गात काय करतात तर मुख्यतः डोळे फोडतात 😄 शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. आपली मोडी ज्यांनी वाचलीये त्यांना हे दुखणं लगेच कळेल, तिथेही वरची रेघ सलग आणि शब्द कुठे तुटतो ते आपण ठरवायचं. त्यात पवित्र शब्द आखडून लिहायची पद्धत. देवाला शब्द 'बोगू', पण लिहिताना मधला स्वर खाऊन फक्त 'ब्गू' आणि डोक्यावर एक छोटी रेघ, तिला तित्लो म्हणतात. (हा 'बोगू' आणि आपला 'भग', म्हणजे भगवानातला, यांचं नातं भाषावाले फार पूर्वीपासून सांगतात.)

आकडे तर अजून मजा. आकड्यांना वेगळी चिन्हं नाहीत, अक्षरंच वापरायची. ८६३ च्या सुमारास सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रचारक भाऊ मध्य युरोपातल्या मोराव्हियाला गेले तेव्हाची जुनी लिपी ग्लागोलिटिक, तिच्यात दुसरं अक्षर 'ब' म्हणजे २. नंतर बल्गेरियात रुळलेल्या सिरिलिकने हिशोब ग्रीकांकडून घेतला, ग्रीकमध्ये 'ब' साठी वेगळं अक्षर नाही, म्हणून सिरिलिकमध्ये 'ब' ला किंमतच नाही आणि २ म्हणजे 'व'. आता एका लिपीतून दुसरीत उतरवताना लेखनिक जरा पेंगला की आकडा चुकलाच समजा, आणि अशा चुकीवरूनच कधीकधी कळतं की मूळ पोथी ग्लागोलिटिक होती. वर्षं मोजायची जगाच्या निर्मितीपासून, म्हणजे ६७०६ दिसलं तर ५५०८ वजा करा, आलं ११९८. पण वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५५०९ वजा.

४ मार्च २००४ ला हिलांदारला आग लागली, मठाचा जवळपास अर्धा भाग गेला. पोथ्या मात्र बचावल्या.

फिल्ममध्ये एक गोष्ट मात्र येत नाही. तारीख न लिहिलेल्या पोथीचा काळ ठरवायला कागद उजेडासमोर धरून वॉटरमार्क (कागद बनवतानाच त्यात उमटलेली खूण) बघतात, आणि काळ्यापांढऱ्या फिल्मवर कागदाच्या आतलं काय दिसणार, त्यासाठी खरी पोथीच हातात लागते. ती आहे अॅथॉसवर. वर्गातल्या मुली फिल्मवर तीच पोथी अख्खी वाचून काढतात, पण वॉटरमार्क बघायची वेळ आली की पाठवावं लागतं कुणातरी पुरुष सहकाऱ्याला.