अँटेना सिम्युलेशनमधली बाउंड्री कंडिशन

कॉम्प्युटरवर अँटेना सोडवायचा तर त्याच्याभोवती एक डबा आखावा लागतो, आणि त्या डब्याच्या भिंतींनी रेडिओ लाटेशी कसं वागायचं त्या नियमाला बाउंड्री कंडिशन म्हणतात. खरा अँटेना मोकळ्यावर रेडिएट करतो पण मेमरीला मर्यादा आहे, जागा कुठंतरी कापावीच लागते, आणि कापली तिथं पुढं काय आहे हे आपण सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर स्वतःच काहीतरी धरून चालतं. राकसकोपच्या तलावात मधोमध खडा टाकला तर तरंग काठापर्यंत जाता जाता विरतात, परसातल्या हौदात टाकला तर भिंतीला आपटून परत येतात, भिंत चुकली की सिम्युलेशनमध्ये नेमकं हे दुसरं होतं.

बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, म्हणजे व्हीटीयूचं, मुख्यालय आहे (विद्यापीठ १९९८ चं), आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मराठी शाळेतनं शिकलेली पोरं इंजिनिअरिंगला आली की फायनल इयरच्या प्रोजेक्टला पॅच अँटेना (बोर्डावरचा तांब्याचा चपटा तुकडा) घेणारी त्यात बरीच असतात. २.४५ गिगाहर्ट्झ, १.६ मिमी जाडीचा एफआर-फोर (सर्किट बोर्डाचं फायबरग्लास), पॅच साधारण ३७ बाय २९ मिमी. इथं सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे एचएफएसएस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या भिंतीला काहीच दिलं नाही तर ती परफेक्ट ई (आदर्श धातूची भिंत) धरली जाते, म्हणजे अँटेना धातूच्या बंद पेटीत बसला. मग एस-वन-वनच्या (अँटेनाकडून फीडमध्ये परत येणाऱ्या लाटेच्या) ग्राफवर नको तिथं अरुंद टोकदार खड्डे दिसायला लागतात, ते पॅचचे नसतात, पेटीचे रेझोनन्स (ठरावीक फ्रिक्वेन्सीला पेटीतच लाट घुमणं) असतात. असे खड्डे दिसले की पॅचची मापं बदलत बसू नका, आधी भिंती बघा की.

मोकळ्या जागेसाठी मुख्य पर्याय दोन. पहिला रेडिएशन बाउंड्री, म्हणजे लाट शोषणारी भिंत, एफडीटीडीमध्ये (वेळेच्या छोट्या टप्प्यांनी लाट सोडवायच्या पद्धतीत) मूर यांची १९८१ ची पद्धत याच जातीची. ती अँटेनापासून निदान पाव वेव्हलेंग्थ लांब ठेवतात, २.४५ ला वेव्हलेंग्थ १२२ मिमी म्हणजे साधारण ३१ मिमी, पण स्वीप (तपासायची फ्रिक्वेन्सीची रेंज) २ गिगाहर्ट्झपासून असेल तर हिशेब २ चा धरायचा, ३७-३८ मिमी, कारण सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीची लाट सगळ्यात लांब. लाट सरळ आपटली तर ही भिंत चांगली शोषते, तिरकी आली की थोडी परत पाठवते. दुसरा पीएमएल (परफेक्टली मॅच्ड लेयर), बेरेंजे यांनी १९९४ मध्ये मांडलेला, यात एका भिंतीऐवजी हळूहळू शोषणारे थर असतात आणि तिरक्या लाटाही नीट जिरतात. फुकटात मिळणाऱ्या ओपनईएमएस या सॉफ्टवेअरमध्ये ८ थरांचा पीएमएल नेहमीचा. लायसन नसलेल्या पोरांनी हे जरूर वापरावं. आणि कुठलाही पर्याय घेतला तरी डबा थोडा मोठा करून परत रन करायचं, एस-वन-वन आणि गेन (एका दिशेला किती जोर मिळतो ते) जागचे हलले नाहीत तरच भिंत बरोबर. ही तपासणी रिपोर्टमध्ये असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

रन लवकर संपावा म्हणून सिमेट्री वापरतात, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असल्या तर अर्धाच भाग सोडवतात, आणि तिथं गफलत फार होते. मधोमध फीड दिलेला पॅच फीडलाइनच्या बाजूनं उभा कापला तर त्या कापावर ई-फील्ड (इलेक्ट्रिक फील्ड) कापाला समांतर असते, म्हणून तिथं परफेक्ट एच, म्हणजे समांतर मॅग्नेटिक फील्ड शून्य करणारी भिंत. परफेक्ट ई दिली तर त्या जागी समांतर ई-फील्ड शून्य होते आणि आपल्याला हवा तो मोडच (फील्डची मांडणीच) मरतो. शिवाय पोर्टही (सिग्नल आत सोडायची जागा) अर्धा होतो, व्होल्टेज तेवढंच पण करंट निम्मा, त्यामुळं ५० ओहमची लाइन १०० दाखवते, ते परत ५० वर आणायला इम्पिडन्स मल्टिप्लायर ०.५ द्यायला विसरायचं नाही.

ॲरेसाठी (एकसारख्या अँटेनांच्या रांगांसाठी) पिरिऑडिक बाउंड्री असते, त्यातला एक सेल सोडवायचा आणि तो दोन्हीकडं अनंत पसरलाय असं धरायचं. मोठ्या ॲरेला ठीक, चार पॅचच्या ॲरेत मात्र सगळेच काठावरचे, तिथं अख्खा ॲरे काढलेला बरा.

खाली जमीन असेल तर विचार वेगळा. चिकोडीकडच्या उसात ओलावा मोजायचा सेन्सर ८६६ मेगाहर्ट्झवर चालवायचा म्हटलं तर अँटेना मातीला लागूनच असणार, आणि डब्याच्या तळाला परफेक्ट ई देऊन मोकळं होता येत नाही, काळी माती तांब्याचा पत्रा नव्हे. कोरड्या मातीची परमिटिव्हिटी (हवेच्या मानानं इलेक्ट्रिक फील्ड किती साठवते तो आकडा) ३-४, पाणी सोडल्यावर २० किंवा वरही जाते. माती लॉसी (लाटेची शक्ती खाणारं) मटेरियल म्हणून काढायची, थेट बाउंड्रीला भिडेपर्यंत न्यायची, आणि कोरडी व ओली असे दोन वेगळे रन घ्यायचे. इथं वेव्हलेंग्थ ३४६ मिमी, म्हणजे हवेच्या बाजूला किमान ८७ मिमी मोकळे हवेत. तारेचा साधा अँटेना असेल तर नेक-टू सारखा मेथड ऑफ मोमेंट्सचा (फक्त तारेवरचा करंट सोडवणारा) प्रोग्रॅम सोपा पडतो, त्यात डबाच नसतो, मोकळी जागा गणितातच बसवलेली असते आणि खालची जमीनही आकडे देऊन सांगता येते, फक्त तार मातीत पुरलेली असेल तर नेक-टू चालत नाही.