वाक्यातून आकृती: एआयच्या आधीचा रस्ता

सांगली-मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात ड्रॉइंग वाचणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत १९१० साली वसली तेव्हापासून कागदावरची रेघ कळणे हा इथल्या टर्नर-फिटरच्या पोटापाण्याचा भाग झाला. त्यामुळे एआयला मराठीत चार ओळी लिहून दिल्या की फ्लोचार्ट (कामाचे टप्पे चौकटी-बाणांनी दाखवणारी आकृती) किंवा ब्लॉक डायग्राम (यंत्रणेचे भाग चौकटींत दाखवणारी आकृती) मिळतो, हे ऐकून इथला माणूस आधी विचारणार: बरोबर असतो का? त्याच्या उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

तांत्रिक आकृतीला शास्त्राची शिस्त दिली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या गास्पार मोंज यांनी. वस्तूचे समोरून आणि वरून दिसणारे रूप एकमेकांशी जुळवून काढायचे, म्हणजे अंदाजाला जागा उरत नाही. फ्रेंच लष्कराने ही पद्धत बरीच वर्षे गुप्त ठेवली होती. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम केला आणि रेघ संगणकाच्या पडद्यावर आली. १९८२ मध्ये संगणकावर ड्रॉइंग काढायचे ‘ऑटोकॅड’ आले आणि पुढे टी-स्क्वेअर, म्हणजे ड्रॉइंगची टी आकाराची पट्टी, कोपऱ्यात गेला.

पण आजच्या एआयचे खरे मूळ या शाखेत नाही. ते आहे आकृती *लिहिण्याच्या* खटपटीत. बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेत ब्रायन कर्निघन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पिक’ नावाची छोटी भाषा केली. चौकोन, बाण, पुन्हा चौकोन असे शब्द लिहायचे आणि छपाईत आकृती उमटायची. त्याच सुमारास, १९८१ मध्ये, जपानचे कोझो सुगियामा आणि सहकाऱ्यांनी चौकटी थरांत मांडून बाणांची छेदाछेद कमी करण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढच्या दशकात बेल लॅब्सच्याच ‘ग्राफविझ’ या सॉफ्टवेअरने या धर्तीवर काम सोपे केले: काय कशाला जोडले आहे एवढेच तुम्ही सांगा, कोण कुठे बसेल ते संगणक ठरवेल. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा. २००९ मध्ये ‘प्लँटयूएमएल’ आणि २०१४ मध्ये ‘मर्मेड’ ही मजकुरातून आकृती काढणारी साधने आली. त्यांनी आकृती लिहिण्याची ही रीत रोजच्या कामात आणली.

२०२१-२२ मध्ये शब्दांवरून चित्र काढणारी मॉडेल्स गाजली. त्यांच्या आकृत्या दिसायला देखण्या असत, पण अक्षरे गिचमीड आणि बाण भलतीकडे. देवनागरी जोडाक्षरांची तर दैनाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि वेगळी वाट रुळली. चॅटजीपीटीसारखे भाषा मॉडेल, म्हणजे मजकूर लिहिणारे एआय, स्वतः रेघ ओढत नाही. ते मर्मेडसारख्या भाषेत मजकूर लिहिते आणि आकृती जुनेच सॉफ्टवेअर काढते. त्यामुळे चूक सापडली तर ती ओळ बदलता येते, आख्खे चित्र फेकावे लागत नाही.

आता आपल्याकडचे उदाहरण घ्या. ‘सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ फुटांवर गेले की धोका, धोका असेल तर नदीकाठच्या लोकांना हलवावे.’ एवढ्यावरून एआय तीन-चार चौकटींचा नीटस फ्लोचार्ट देईल. पण पाणी नेमके ४५ फूट असेल तर? वाक्यात ‘४५ फुटांवर’ म्हणजे ४५ धरून की ४५ च्या पुढे, हे सुटलेले आहे. माणूस बोलताना ते ओढून नेतो. आकृतीत मात्र बाण ‘होय’कडे किंवा ‘नाही’कडे न्यावाच लागतो, आणि एआय तो न विचारता नेऊन टाकू शकते. इशारा दिल्यावर पातळी पुन्हा कधी मोजायची, तो परतीचा बाणही मूळ मजकुरात नसतो. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला या एका बाणाचे मोल वेगळे सांगायला नको.

म्हणून आकृती हातात आली की आधी प्रत्येक ‘होय-नाही’ची अट मूळ वाक्याशी ताडून पाहावी आणि वाक्यात नसलेला बाण दिसला तर तो कुठून आला ते विचारावे. मापांच्या यांत्रिक ड्रॉइंगला तर अजून जास्त जपावे. तिथे टॉलरन्सचा, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचा, एक आकडा चुकला तर जॉब (घडवलेला भाग) भंगारात जातो. ड्रॉइंगवरच्या ‘तपासले’च्या रकान्यात माणसाचीच सही हवी.