झग्यातला मुलगा आणि उडालेला निळा

भाची ॲम्स्टरडॅमला असते. मागच्या महिन्यात तिने घरच्या ग्रुपवर एका जुन्या डच चित्राचा फोटो टाकला. तीनेक वर्षांचं मूल, पायघोळ झगा, लेसची कॉलर. पाच मिनिटांत सगळ्या मावश्या-काकूंनी लिहिलं, "किती गोड पोरगी!"

पोरगी नव्हतीच ती. हातात कोल्फ नावाच्या खेळाची काठी होती, हॉकीच्या काठीसारखी, आणि खांद्यावरून तिरकी सोन्याची साखळी. सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये मुलगेही साधारण सहा-सात वर्षांचे होईपर्यंत झगाच घालत. कारण आपल्या झबल्यामागचंच: त्या वयात विजारीचे बंद सोडेपर्यंत थांबवतं कुणाला? म्हणून चित्रात मुलाच्या हाती काठी, चाबूक किंवा कमरेला छोटी तलवार असली, की पाहणाऱ्याला ओळख पटायची. मुलीच्या हाती बहुधा बाहुली. डच चित्रकार रेम्ब्रांने दोन बायका एका मुलाला चालायला शिकवताहेत असं एक रेखाटन केलंय, त्यातल्या मुलाच्या डोक्यावर गादीसारखी जाड टोपी आहे. पडलं तरी टाळकं शाबूत.

मग एका काकांची शंका आली. "मुलगा आहे तर झगा निळा का नाही? हा तर मातकट दिसतोय." मुलग्याला निळा आणि मुलीला गुलाबी ही वाटणी विसाव्या शतकात रुजली आणि दुकानदारांमुळे ती फोफावली. निसर्गाचा त्यात काही हात नाही. पण काकांच्या नकळत प्रश्न फार सुंदर पडला होता. जुन्या डच चित्रांतले कित्येक मातकट भाग मुळात निळे होते.

अस्सल निळा लाजवर्द दगडातून निघायचा. तो अफगाणिस्तानातून यायचा आणि भयंकर महाग असायचा. स्वस्तातला पर्याय म्हणजे स्मॉल्ट. वाळू, पोटॅश (पोटॅशियमचा क्षार) आणि भाजलेलं कोबाल्टचं खनिज वितळवून निळी काच करायची, ती तापलेली असतानाच थंड पाण्यात ओतून तडकवायची आणि दळायची. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणकामगारांना हे खनिज नकोसं होतं. त्यातून चांदी निघत नसे, आणि भाजलं की माणसं आजारी पडत. त्यांनी खापर फोडलं 'कोबोल्ड' नावाच्या खाणीतल्या भुतावर, आणि धातूला नाव मिळालं ते त्यावरूनच. भूत कसलं, आर्सेनिकचा धूर होता तो.

आता माझा आवडता भाग. काचेत कोबाल्टच्या आयनाभोवती, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूभोवती, चार ऑक्सिजन असतात, आणि या मांडणीचा विद्युतभार सांभाळायला शेजारी पोटॅशियम बसलेलं असतं. चौघांच्या या मांडणीला सममितीचा मध्यबिंदू नसतो, म्हणजे प्रत्येक ऑक्सिजनच्या बरोबर समोर दुसरा ऑक्सिजन नसतो, म्हणून कोबाल्टचे इलेक्ट्रॉन पिवळा-नारिंगी प्रकाश जोमाने गिळतात आणि आपल्याला गडद निळा दिसतो. पण रंग कालवलेला असतो जवसाच्या तेलात. तेलातली आम्लं पोटॅशियम ओढून घेतात आणि त्याचा चक्क साबण होतो. शेजारी गेला की कोबाल्टभोवती सहा ऑक्सिजन जमतात. सहांच्या मांडणीला मध्यबिंदू असतो, आणि तो असला की डी-कक्षकांमधल्या (इलेक्ट्रॉनच्या ठरावीक जागांमधल्या) उड्यांना क्वांटम नियम जवळजवळ बंदीच घालतात. प्रकाश फारसा शोषला जात नाही, निळा विझतो, आणि म्हातारं होऊन पिवळं पडलेलं तेल तेवढं डोळ्यांना दिसत राहतं. बारावीच्या प्रयोगशाळेत गुलाबी कोबाल्ट क्लोराइडच्या द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ओतल्यावर ते निळं झालेलं आठवतंय? तिथे पाण्याच्या सहा रेणूंची जागा चार क्लोराइड घेतात. चित्रात हाच खेळ उलटा चालतो, फक्त सावकाश.

मध्येच कंटाळला असाल तर एवढंच धरा: रंग उडाला तरी कोबाल्ट जागचा हलत नाही. चित्रावर क्ष-किरण सोडले की तो 6.93 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे स्वतःचे क्ष-किरण परत फेकतो. ॲम्स्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये 2019 पासून रेम्ब्रांच्या 'नाइट वॉच' या चित्राचा अभ्यास चाललाय, त्यात असा स्कॅनर कॅनव्हासवर इंच-इंच फिरवला गेला. कोबाल्ट कुठे आहे, याचा नकाशाच मिळतो.

भाचीने पाठवलेल्या चित्रातला झगा मुळात निळा होता की नाही, हे नुसत्या फोटोवरून सांगता येणार नाही. स्कॅनरने कोबाल्ट दाखवला, तरी तो आकाशी होता की गर्द, हा प्रश्न उरतोच, कारण स्मॉल्ट जितकं बारीक दळावं तितका त्याचा निळा फिका पडतो.