जेल वेगळं, क्रीम वेगळं: दोन्हींत इस्ट्रोजेन असलं म्हणून काय झालं

"रोज जेल लावते, अंगातून येणाऱ्या गरम वाफा बंद झाल्या. पण खाली कोरडं पडतं, लघवीला आग होते. जेल वाढवू का?"

"क्रीम सुरू करून दोन महिने झाले. खालचं बरं आहे, पण रात्री घामाने उशी भिजतेच. मला इस्ट्रोजेन लागूच पडत नाही वाटतं."

गर्भपिशवी काढलेल्या आणि इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन औषध म्हणून घेणाऱ्या बायकांकडून हे दोन प्रश्न मी इतक्यांदा ऐकले आहेत की आता पहिल्या तीन शब्दांतच पुढचं कळतं. दोघींच्या तक्रारी उलट्यासुलट्या आहेत, गोंधळ मात्र एकच. दोघींनाही वाटतं की इस्ट्रोजेन ते इस्ट्रोजेन, शरीरात गेलं की जिथे लागेल तिथे पोचेल.

अंगभर जाणाऱ्या इस्ट्रोजेनबद्दल, म्हणजे पोटात घ्यायची गोळी, कातडीवर चिकटवायची औषधी पट्टी म्हणजे पॅच, किंवा जेल याबद्दल, तुम्हाला बहुतेक सगळं माहीत आहे. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले की इस्ट्रोजेन काही दिवसांतच कोसळतं. अंडाशय ठेवले असतील तर रजोनिवृत्ती लगेच येत नाही, पण पुष्कळदा अपेक्षेपेक्षा थोडी लवकर येते, आणि पाळीच नसल्यामुळे ती आली हे कळायला वेळ लागतो. पिशवी नसल्याने बहुतेकींना प्रोजेस्टेरॉन (पिशवीचं अस्तर सांभाळायला देतात ते दुसरं हार्मोन) लागत नाही. एंडोमेट्रिऑसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) होता किंवा पिशवीच्या अस्तराचा काही भाग मागे राहिला असेल तर गोष्ट वेगळी. गोळी, पॅच आणि जेल यांच्यातला कामाचा फरक एवढाच: गोळी यकृतातून जाते, त्यामुळे रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो. कातडीवाटे नेहमीच्या डोसमध्ये तो तसा वाढलेला दिसत नाही. माझं मत विचाराल तर कातडीवाटेच घ्यावं. पुढे जाऊ.

अडतं ते जागेवरच्या इस्ट्रोजेनपाशी. योनिमार्गात लावायचं क्रीम, आत ठेवायची बारीक गोळी, कधी हळूहळू औषध सोडणारी रिंग. बायकांना वाटतं हा जेलचाच सौम्य भाऊ आहे: "आधी हलकं वापरून बघू, नाही जमलं तर जोराचं घेऊ." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ही एकाच जिन्याची खालची-वरची पायरी नाही, हे दोन वेगळे जिने आहेत.

आकडेच बघा. 50 मायक्रोग्रॅमचा पॅच दर दिवसाला साधारण तेवढं इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) कातडीतून आत सोडतो, म्हणजे आठवड्याला सुमारे 350 मायक्रोग्रॅम. योनीत ठेवायची इस्ट्रॅडिओलची गोळी असते 10 मायक्रोग्रॅमची. पहिले दोन आठवडे रोज एक, मग आठवड्यातून दोनदा. म्हणजे नंतर आठवड्याला ठेवायच्याच 20 मायक्रोग्रॅम, आणि त्यातलंही थोडंच रक्तात पोचतं. पहिल्या अख्ख्या वर्षाच्या गोळ्या मोजा: 14 अधिक 100, एकूण 114. सगळ्या मिळून 1.14 मिलिग्रॅम. पोटात घ्यायची इस्ट्रॅडिओलची साधी गोळी 1 मिलिग्रॅमची असते. म्हणजे वर्षभर आत ठेवलेलं सगळं इस्ट्रोजेन एका दिवसाच्या गोळीच्या आसपास!

म्हणूनच क्रीमने वाफा थांबत नाहीत. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र रक्तातल्या इस्ट्रोजेनकडे बघतं, आणि रक्तातली पातळी या डोसवर रजोनिवृत्तीनंतर असते तेवढीच राहते. औषध "लागू पडत नाही" असं नाही, तिथपर्यंत जातच नाही. ते न जाणं हाच त्याचा गुण आहे.

उलट बाजू जास्त फसवी आहे. रक्तात भरपूर इस्ट्रोजेन असताना खाली कोरडं का पडावं? कारण तिथलं अस्तर एकदा पातळ झालं, रक्तपुरवठा घटला, आम्लता बिघडली की रक्तावाटे येणारा वाटा सगळ्याच बायकांना पुरत नाही. अंगभरची थेरपी नीट चालू असलेल्यांपैकी साधारण 10 ते 25 टक्के बायकांना ही लक्षणं उरतात. त्यांना डोस वाढवून नको असतो. त्यांना जेलसोबत क्रीम हवं असतं. दोन्ही एकत्र चालतात. "जेल घेतेय ना, मग क्रीम कशाला" हा प्रश्न म्हणजे "जेवले ना, मग डोळ्यांत थेंब कशाला" असं विचारण्यासारखं आहे.

लघवीच्या बाबतीत तर डोस वाढवणं उलटं पडू शकतं. वारंवार होणारा लघवीचा संसर्ग योनीतल्या इस्ट्रोजेनने कमी होतो, पोटातल्या गोळीने होत नाही. आणि खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल तर पोटात घेतलेल्या इस्ट्रोजेनने ती वाढल्याचं अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे "लघवी आवरत नाही, गोळी एकाच्या दोन करा" हा सल्ला देणारी मैत्रीण मनाने कितीही चांगली असो, तिचं ऐकू नका.

आता एक बारीक गाठ. फरक औषध कुठे लावता यात नाही, रक्तात किती जातं यात आहे. जागेमुळे फसणाऱ्या बायका खूप. रिंगच घ्या: तीन महिने आत राहणारी एक रिंग दिवसाला सुमारे 7.5 मायक्रोग्रॅम सोडते, ती जागेवरची. तशीच दिसणारी दुसरी 50 किंवा 100 मायक्रोग्रॅम सोडते. ती राहते योनीत, पण काम करते अंगभर, आणि वाफांसाठीच दिली जाते. क्रीमही मनाला येईल तेवढं, रोज, महिनोन्‌महिने भरलं तर जागेवरचं राहत नाही. आणखी एक घबराट: "गोळीत 10 मायक्रोग्रॅम, माझ्या क्रीमवर मिलिग्रॅम लिहिलंय, मला पन्नासपट दिलं!" ट्यूबवरचं नाव वाचा. इस्ट्रिओल (इस्ट्रोजेनचाच दुसरा प्रकार) असेल तर ते इस्ट्रॅडिओलपेक्षा पुष्कळ कमजोर असतं, दोघांचे आकडे शेजारी ठेवून मोजायचे नसतात.

मग उरलेल्या लक्षणांचं करायचं काय? आधी तक्रारींची वाटणी करा. वाफा, रात्रीचा घाम, त्यामुळे मोडलेली झोप, सांधे धरणं, उगाच रडू येणं: हा अंगभरच्या औषधाचा हिशेब. कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, जळजळ, सारखी लागणारी लघवी, पुन्हा पुन्हा संसर्ग: हा जागेवरच्याचा. दोन्हीकडे तक्रारी असतील तर दोन्ही बदल एकाच दिवशी करू नका, नंतर कशाने काय झालं ते कळत नाही.

अंगभरचं वाढवण्याआधी ते अंगात जातंय का ते बघा. पंपाचं जेल असेल तर एका दाबात बहुधा 0.75 मिलिग्रॅम येतं. सुरुवात सहसा दोन दाबांनी होते, गरज पडली तर चारपर्यंत नेतात. दंडावर किंवा मांडीवर पसरून सुकू द्यायचं, तासभर धुवायचं नाही, वरून लगेच लोशन चोळायचं नाही, स्तनांवर लावायचं नाही. पॅच कमरेखाली, कोरड्या, तेल न लावलेल्या कातडीवर. एवढं करून तीन महिने थांबा. तिसऱ्या आठवड्यात "फरक नाही" म्हणून बदललेले डोस हा माझा खास रागाचा विषय आहे. तीन महिन्यांनीही वाफा असतील तर डॉक्टरांशी बोलून डोस वाढतो किंवा गोळीवरून पॅचवर, पॅचवरून जेलवर जाता येतं. कमी वयात अंडाशय गेलेल्यांना जास्त डोस लागणं अगदी नेहमीचं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट स्तन दुखायला लागले, पोट फुगलं, डोकं धरलं तर आधीच जास्त होत असेल. रक्त तपासायचं ठरलं तर ज्या दंडावर जेल लावता तिथून रक्त देऊ नका, आकडा खोटा वाढून येतो. आणि थायरॉईड बघून घ्या. सगळा घाम इस्ट्रोजेनच्या नावावर टाकायचा नसतो.

जागेवरच्या औषधाचा घोळ वेगळाच: ट्यूब संपली, बरं वाटलं, "कोर्स झाला" म्हणून बंद. हा अँटिबायोटिकचा कोर्स नाही. बंद केलं की काही आठवड्यांत कोरडेपणा परततो, म्हणून आठवड्यातून दोनदा चालूच ठेवायचं असतं. पूर्ण फरक पडायला तीन महिनेही लागतात. सुरुवातीचे काही दिवस थोडं चुरचुरतं, कारण अस्तर सोललेलं असतं. आत भरायचंच, पण बोटभर बाहेरच्या तोंडाशीही लावायचं. दुखतं ते बऱ्याचदा तिथेच.

खोक्यातला कागद वाचून क्रीम तसंच परत ठेवणाऱ्याही खूप. त्यात पक्षाघातापासून कर्करोगापर्यंत सगळं छापलेलं असे, कारण पोटातल्या गोळीचाच इशारा क्रीमवर चिकटवला होता. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने तो चौकटीतला इशारा काढायची घोषणा केली. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र क्रीमसुद्धा कर्करोगतज्ज्ञाला विचारूनच. पिशवी काढल्यानंतर खालून रक्त दिसलं किंवा लघवीतून रक्त गेलं तर डोसाचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी.

बिनहार्मोनचं वंगणाचं जेल ही तिसरीच ट्यूब. ते त्या वेळेपुरतं, अस्तर सुधारत नाही. वापरा, हरकत नाही.

आणि तिन्ही ट्यूबा एका कप्प्यात ठेवू नका. कातडीवरच्या जेलमध्ये अल्कोहोल असतं. दिवा न लावता हाताला येईल ती ट्यूब उचलून मी एकदा ते नको तिथे लावलं होतं. तेव्हापासून क्रीमच्या ट्यूबला जाड लाल रबर बांधलेलं असतं.