सुपरग्लूने जोडलेला सैनिक का मोडतो?

टेबलावरच्या युद्धखेळांचे चिमुकले सैनिक जोडायला बसलेल्या नवख्याला हमखास सांगतात, ‘फेव्हिक्विक लाव, त्याच्याइतकं पक्कं काही नाही.’ धातूच्या किंवा रेझिनच्या सैनिकासाठी हे ठीक. पण वॉरहॅमरसारख्या खेळाचे बहुतेक सैनिक आज पॉलिस्टायरिन या कडक प्लास्टिकचे असतात आणि तिथे हा सल्ला साफ चुकतो.

फेव्हिक्विकसारखा सुपरग्लू दोन भागांच्या मधे कडक थर होऊन बसतो. हा थर ठिसूळ. सैनिक टेबलावरून पडला की भाला धरलेला हात नेमका तिथूनच निखळतो. अशा सैनिकांसाठी हवं ते प्लास्टिक सिमेंट, म्हणजे प्लास्टिकचे भाग जोडायचा खास गोंद. तो खरं तर चिकटवतच नाही. त्यातला द्रावक दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सलग प्लास्टिक उरतं. दाबल्यावर सांध्यातून मऊ प्लास्टिकची बारीक रेघ बाहेर येते. ती लगेच पुसायला जाऊ नका, बोटाचा ठसा कायमचा उमटतो. दुसऱ्या दिवशी ब्लेडच्या पाठीने खरवडली की सांधा दिसतही नाही.

रेझिन आणि धातूवर मात्र हे सिमेंट काहीच करत नाही. भाग आधीच रंगवले असतील, तर सांध्यापुरता रंग खरवडावा लागतो. तो वैताग आहेच. वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवा.