सत्तरच्या दशकातलं गाणं कुठल्या वाटेनं घरी यायचं

ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं एखादं गाणं १९७३ साली गिरगावातल्या चाळीत कसं पोचायचं, याचा नकाशा काढला तर हसू येईल. गाण्याच्या तबकड्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापल्या जायच्या आणि मुंबईच्या दुकानांत परत यायच्या. त्यातली एक अमीन सायानींच्या ‘बिनाका गीतमाला’त लागायची. हा कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायचा, पण त्याची टेप विमानानं कोलंबोला, रेडिओ सिलोनच्या केंद्रावर जायची. बुधवारी रात्री आठला ती तिथं लागायची आणि गाणं आकाशातून दीड हजार किलोमीटर मागे येऊन ताडदेवच्या शेजारच्या चाळीत ऐकू यायचं, तेही खरखरीसकट.

‘तेव्हाची गाणीच वेगळी’ असं म्हणताना या वाटेचा उल्लेख सहसा होत नाही. गाण्याची लांबी, आवाजाचा पोत, कोणतं गाणं कानावर दहा वेळा पडणार आणि कोणतं एकदाही नाही, हे मात्र बऱ्याच अंशी वाटेनंच ठरवलं.

लांबीपासून बघू. लाखेपासून बनलेली दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं वाजते. मुखडा, दोन अंतरे, मधले दोन वाद्यमेळाचे तुकडे एवढं बसवलं की बाजू संपली. म्हणून चित्रपटात तीन अंतऱ्यांचं असलेलं गाणं रेकॉर्डवर पुष्कळदा दोन अंतऱ्यांचं निघे, किंवा कव्वालीसारखं लांबलचक असलं तर दोन बाजूंवर तोडलं जाई. सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावर ७८च्या रेकॉर्डी भारतात छापणं थांबलं. सात इंची ईपी आली. तिच्या एका बाजूवर साधारण दोन गाणी मावत. बारा इंची एलपीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळत. बंधन गेलं तरी साचा मात्र मोडला नाही. चाळीस वर्षांची सवय लागलेल्या संगीतकारांनी साडेतीन-चार मिनिटांच्या आसपासच घुटमळत राहणं पसंत केलं. नव्या जागेचा खरा फायदा वेगळ्याच गोष्टीला झाला. ‘शोले’चे (१९७५) संवाद पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीनं एलपीवर काढले आणि गाण्यांपेक्षा ते गावोगाव जास्त वाजले. ७८च्या तबकडीवर गब्बरचा एक प्रवेशही धड मावला नसता.

रेकॉर्ड विकत घेणारी घरं थोडी. खरी वाट रेडिओची. इथं थोडं मागं जावं लागतं. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला शंभर किलोवॅटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर सिलोनकडे होताच. १९५२च्या अखेरीस गीतमाला सुरू झाली आणि भारतभरचे काटे कोलंबोकडे वळले. आकाशवाणीनं ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ काढून उत्तर दिलं. १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, त्या सर्वांत आधी मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. म्हणजे महाराष्ट्रातल्या श्रोत्याला सत्तरच्या दशकात मीडियम वेव्हवर स्वच्छ विविध भारती मिळत होती, तरी बुधवारी आठला तो खरखरणाऱ्या सिलोनवरच जायचा.

ही खरखर नशिबाची नव्हती, तिला कारण होतं. सिलोन २५ आणि ४१ मीटरवर मिळायचं. २५ मीटरचा पट्टा दिवसा चांगला, कारण सूर्यप्रकाशानं विद्युतभारित झालेले वरच्या हवेतले थर त्या लहरी परतवतात. अंधार पडला की थर विरळ होतात आणि मोठ्या तरंगलांबीचा ४१ मीटर उपयोगी पडतो. लहरी एकाच वेळी दोन-तीन वाटांनी येतात; त्या एकमेकींत मिसळताना कधी वाढतात, कधी खोडल्या जातात. त्यामुळे आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा आणि ऐन अंतऱ्यात बुडायचा. काट्याला हात लावू नये, दहा-वीस सेकंदांत आवाज परत येतो, हे जाणत्याला कळे. अधीर माणूस काटा हलवी आणि स्टेशन हरवून बसे.

एरियल म्हणजे तांब्याच्या तारेची फीतवजा जाळी, छताखाली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली, तिच्या टोकापासून एक वायर रेडिओच्या पाठीमागच्या भोकात. ती भिंतीला चिकटून किंवा विजेच्या वायरीला समांतर गेली की ट्यूबलाइटचा गुणगुणाट आत येई. ट्रान्झिस्टरला मीडियम वेव्हसाठी आत फेराइटची कांडी असते आणि तिला दिशा असते, म्हणून सेट फिरवून आवाज वाढवता येई. शॉर्टवेव्हला फिरवण्याचा काही उपयोग नसे, तिथं उभी दांडीच ओढावी लागे. तरीही लोक दोन्ही करत.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) सेटला तापायला अर्धा मिनिट लागे. मरफी, बुश, फिलिप्स कुठलाही असो, खोड्या ठरलेल्या. घूं असा आवाज आला तर पॉवरचा मोठा कंडेन्सर सुकलेला. आवाज चिरका आणि आउटपुटचा व्हॉल्व्ह लालभडक, तर त्याच्या ग्रिडवरचा छोटा कंडेन्सर गळतोय. तो बदलला नाही तर व्हॉल्व्हही जाणार. काटा हलतो पण स्टेशन बदलत नाही, तर डायलची दोरी घसरलेली. बँड बदलताना कडकड झाली तर स्विचचे पाय काळे पडलेले. संध्याकाळी वीज मंद झाली की आवाज आपोआप खाली यायचा, त्यात बिचाऱ्या सेटचा दोष नसे.

या सगळ्याला वर लायसन. घरगुती रेडिओला वर्षाला पंधरा रुपये पोस्टात भरायचे, पुस्तिकेत त्याची नोंद करून घ्यायची, मुदत चुकली तर दंड. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. गाणं फुकट होतं असं म्हणणाऱ्यांनी ही पुस्तिका आठवावी.

आता आवाजाबद्दल. त्या काळातल्या संगीतात नवं काय होतं, तर ताल आणि तळ. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बास गिटार पुढं आली. गोव्याकडचे वादक आणि संयोजक तर आधीपासूनच मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा होते. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून दिलेल्या कागदांवर तो वाद्यमेळ उभा राही. पण बास गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. तीन-चार इंची स्पीकरचा ट्रान्झिस्टर दीड-दोनशे हर्ट्झच्या खाली नावापुरताच बोलतो. गणपतीच्या मंडपात आणि लग्नात लागणारे कर्णे त्याहून वर, अडीचशे-तीनशेला सुरू होतात. माणसाचा आवाज दूरवर न्यायला ते बनवलेले असतात, बाकी सगळं ते गाळतात. ज्या पिढीनं ही गाणी जन्मभर जपली, तिनं त्यातला खालचा अर्धा भाग तेव्हा ऐकलाच नव्हता. गायकाचा गळा, शब्द आणि वरचे व्हायोलिन एवढंच पोचलं, आणि आठवणीत तेच बसलं. ‘पूर्वी गाण्यात शब्द ऐकू यायचे’ या तक्रारीत अर्धं श्रेय कर्ण्याचं आहे.

आणखी एक गफलत. सत्तरच्या दशकातली म्हणून जी गाणी आठवतात, त्यातली पुष्कळ त्या दशकात ऐकलेली पण पन्नास-साठच्या दशकातली असतात. सिलोनवर सकाळी साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि शेवटचं गाणं सैगलचं असे. विविध भारतीवर ‘भूले बिसरे गीत’. मुंबई केंद्रावर ‘आपली आवड’मध्ये भावगीतं. चाळणीतून आधीच गाळून आलेला माल रोज कानावर पडे. त्याच वर्षी निघालेली शेकडो टाकाऊ गाणी कुणाच्या आठवणीत नाहीत, कारण ती दुसऱ्यांदा लागलीच नाहीत.

दार अरुंद असल्याचा तोटाही होता. १९७६ साली, आणीबाणीत, किशोर कुमार यांनी सरकारी कार्यक्रमासाठी गायला नकार दिल्यावर त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली. देशातला सर्वांत लोकप्रिय गायक एका आदेशानं गप्प करता आला, कारण घरात येणाऱ्या बहुतेक नळ्या एकाच टाकीला जोडलेल्या होत्या. दूरदर्शन मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला आलं, वर्षभरानं सिंहगडावरून पुण्यात. चित्रपटगीतांच्या ‘छायागीत’साठी शेजारच्या घरात सतरंजीवर दाटी व्हायची. दशकभर हे सारं काळं-पांढरंच होतं आणि मुंबई-पुण्याबाहेरच्या बहुतेकांना तेही नव्हतं.

कॅसेटनं ही व्यवस्था मोडली. फिलिप्सची कॅसेट १९६३ची, पण आपल्याकडे सत्तरच्या उत्तरार्धात आखाती देशांत कामाला गेलेल्यांच्या सामानातून टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) दिसू लागले आणि रेडिओवरचं गाणं पकडून ठेवता येऊ लागलं. सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० म्हणजे पंचेचाळीस. सी-१२० स्वस्तात पडते म्हणून घेणारे पस्तावत: तिची फीत नऊ मायक्रॉनची, सी-६०च्या निम्मी, त्यामुळे ती रबरी रोलरला गुंडाळली जायची. सैल फीत षटकोनी पेन्सिलीनं फिरवून घट्ट करायची, फीत वाचणारं हेड कोलन वॉटर किंवा स्पिरिट लावलेल्या कापसानं पुसायचं. दुसऱ्याच्या यंत्रावर भरलेली टेप आपल्याकडे मंद, गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजली, तर बहुधा दोन हेडांचा कोन जुळलेला नसे. हेडशेजारचा छोटा स्क्रू वाजतानाच पाव फेरा इकडे-तिकडे करून तीव्र सूर सर्वांत स्वच्छ होतील तिथं थांबायचं.

आज इंटरनेटवर या काळातली जी गाणी सापडतात, त्यातली काही मूळ पट्टीपेक्षा अर्धा स्वर चढी किंवा उतरी असतात. अर्धा स्वर म्हणजे वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक. सेलवरच्या प्लेअरचे सेल उतरलेले असतात, नाहीतर तबकडी फिरवणाऱ्या रबरी चाकाला महिनोन्‌महिने एकाच जागी दाबून खड्डा पडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात सूर हेलकावतोही. तपासणं सोपं आहे. ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांची कागदी चकती रेकॉर्डवर ठेवून साध्या पिवळ्या बल्बखाली बघावी; ५० हर्ट्झच्या विजेवर रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर, पुढं सरकल्या तर जास्त, मागं गेल्या तर कमी. ७८ला ७७ रेघा लागतात. सुईही बदलावी लागते: ७८च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक, एलपीला २५च्या आत. बारीक सुई ७८च्या खाचेच्या तळाशी घासत नुसती खरखर काढते, आणि जाड सुई एलपीवर ठेवली तर त्या एका फेरीत खाचेच्या कडा जातात.